परदेशांतील देव्हारा

मनुष्य देश सोडतो तेव्हां घर, शेत, सोयरेधायरे मागें राहतात. देव मात्र बरोबर जातो. याचें एक बोलकें उदाहरण आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. मेक्सिको, क्यूबा, प्वेर्तो रिको इत्यादि प्रदेशांशीं ज्यांचें मूळ जुळतें, अशा अमेरिकेंतील लोकांस लॅटिनो म्हणतात. २०२० च्या खानेसुमारींत त्यांची संख्या सहा कोटींहून अधिक भरली. त्यांतील पुष्कळांच्या वांट्यास कष्टाची मजुरी, परकी भाषा व आप्तांची ताटातूट आली.

अशा स्थितींत मन कशानें सांवरतें? मेक्सिकन घरांत याचें उत्तर पुष्कळदां कोपऱ्यांतील लहानशा देव्हाऱ्यांत सांपडतें. तेथें मेणबत्त्या, फुलें, दिवंगत आप्तांचीं छायाचित्रें आणि ग्वादालूपेची माता असते. स्पॅनिश लोकांनीं अझ्टेकांची राजधानी १५२१ त जिंकली. त्यानंतर दहाच वर्षांनीं, १५३१ त, ही माता टेपेयाक टेकडीवर हुआन दिएगो नांवाच्या मूलनिवासी भक्तास दिसली व त्याच्याच नावाट्ल भाषेंत बोलली, अशी परंपरा आहे. सांवळ्या वर्णाची, स्वभाषेंत बोलणारी माता जित जनतेस आपली वाटावी, यांत नवल तें काय? तिचा १२ डिसेंबरचा उत्सव अमेरिकेंतील नगरांतहि होतो, आणि प्रार्थनेबरोबर भाषा, नृत्य व पक्वान्नें पुढील पिढीच्या हातीं पडतात.

परंतु श्रद्धा नेहमींच औषध ठरते असें नाहीं. केनेथ पार्गमेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें संकटकालीन धर्माश्रयाचे दोन प्रकार सांगितले आहेत. ‘देव माझ्या सोबत आहे’ या भावनेनें मनास बहुधा उभारी येते. ‘देवानें मला टाकलें, ही त्याची शिक्षा आहे’ या भावनेबरोबर खिन्नता वाढलेली आढळते. देव एकच, पण फळें भिन्न!

पहिल्या प्रकाराचें उदाहरण इतिहासांतच आहे. कॅलिफोर्नियांतील डेलानो येथें द्राक्षमळ्यांतील मजुरांनीं १९६५ त संप पुकारला. पुढील वसंतांत ते सुमारें तीनशें मैल पायीं चालत सॅक्रामेंटो या राजधानीस गेले. अग्रभागीं ग्वादालूपेच्या मातेची पताका होती. ‘यात्रा, प्रायश्चित्त, क्रांति’ हें घोषवाक्य होतें. ईस्टरच्या दिवशीं ते पोंचले, त्यापूर्वींच एका मोठ्या मळेवाल्या कंपनीनें त्यांच्या संघास मान्यता दिली होती. त्यांनीं मातेस साकडें घातलें, पण पाय स्वतःचेच झिजविले. ‘देवाची प्रार्थना कर आणि हातोडाहि चालव,’ अशा अर्थाची म्हण स्पॅनिशांत आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायांतहि कार्यसिद्धीच्या कारणांत दैव पांचवें, म्हणजे शेवटचें, गणिलें आहे.

आपल्या एकत्र कुटुंबांत कोणी आजारी पडलें किंवा नापास झालें, कीं ‘पूर्वकर्माचें फळ’ असा शेरा एखादें वडील माणूस सहज मारतें. तो बोल दुखण्याहून अधिक खोल रुततो. त्याऐवजीं आजाऱ्याजवळ बसावें, हवें तर स्तोत्र म्हणावें, आणि वैद्यास बोलावणें धाडावें, हेंच आम्हांस खऱ्या आस्तिकाचें कर्तव्य वाटतें.