डिसेंबरातली धांदल

दिवाळीची सुट्टी संपली की महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळांत क्रीडास्पर्धा, विज्ञान प्रदर्शन, सहल, स्नेहसंमेलन असं सगळं एकापाठोपाठ येऊन आदळतं आणि ‘पोर्शन कधी पुरा होणार?’ ही पालकांची कुरकुर सुरू होते. ती अगदीच खोटी नाही. दहावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. पण तालमीत आठवीतली मुलगी फरशीवर खडूने रंगमंचाची हद्द आखते, संवाद विसरलेल्याला विंगेतून हळूच शब्द पुरवते. हे कुठल्या तासाला शिकवणार? २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अभ्यास आणि असे उपक्रम यांच्यात भिंत नको, असंच म्हटलं आहे. दोष उपक्रमांचा नाही, ते एकाच महिन्यात कोंबण्याचा आहे. वक्तृत्व, हस्तकला, विज्ञानाचे प्रकल्प पावसाळ्यात सहज उरकता येतील. मैदानी खेळांना मात्र कोरडं मैदान लागतं. डिसेंबर त्यांना मोकळा सोडावा.