घरच्या सुरांची घंटा

टेलिफोनची घंटा म्हणजे एके काळी नुसती ट्रिंग ट्रिंग. बारशाचे आमंत्रण असो की सावकाराचा तगादा, आवाज एकच! भारतात मोबाइलवरून पहिले संभाषण झाले ते ३१ जुलै १९९५ रोजी, कलकत्ता आणि दिल्ली यांच्या दरम्यान. पुढे नोकियाचे फोन घरोघर आले. त्यांतून फ्रान्सिस्को तार्रेगा या स्पॅनिश गिटारवादकाच्या रचनेतला एक तुकडा वाजे. तो एकाच्या खिशात वाजला, की एस्टीतले दहाजण आपापले खिसे चाचपीत.

आजच्या स्मार्टफोनात ही घंटा आपल्याला स्वतः घडवता येते आणि माणसागणिक निराळी ठेवता येते. ही केवळ हौस नव्हे. ज्या आजीला चष्म्यावाचून पडद्यावरचे नाव दिसत नाही, तिला देवघरात बसल्या बसल्या कळावे, की फोन लेकीचा आहे. जी धून ओळखीची नाही तो फोन तिने चष्मा शोधून, सावकाश घ्यावा.

आता सूर कोणता निवडावा? फोनचा स्पीकर एवढासा. खर्जातले सूर त्याला पेलत नाहीत. डग्ग्याची घुमक त्यात पार विरून जाते. उलट वय वाढते तसे कान आधी वरच्या पट्टीतले बारीक आवाज सोडू लागतात. म्हणजे खाली स्पीकरची अडचण, वर कानाची! मधे उरते ती जागा माणसाच्या गळ्याची आणि पेटीच्या मधल्या सप्तकाची. म्हणून वडीलधाऱ्यांसाठी बाजारच्या धुनेपेक्षा नातवाने म्हटलेले गाणे किंवा लेकीने वाजवलेली पेटी केव्हाही सरस.

कृती अवघड नाही. पंखा बंद करावा, खिडकी लावावी, फोन हातभर अंतरावर ठेवावा आणि त्यातल्याच रेकॉर्डरवर गाणे टिपून घ्यावे. मग कापाकापी. घंटा पहिल्या क्षणापासून ऐकू आली पाहिजे; तेव्हा आलाप, खाकरणे, 'झालं का सुरू?' हे सारे छाटून टाकावे. घंटा पुन्हा पुन्हा वाजते, म्हणून सांधा बेमालूम हवा. तालातले गाणे असेल तर समेवर सुरू करून समेच्या आधी तोडावे. अर्ध्या सेकंदाला एक मात्रा धरली, तर त्रितालाच्या १६ मात्रांचे आवर्तन ८ सेकंदांचे होते. अशी तीन आवर्तने, म्हणजे २४ सेकंद, पुरेशी.

अँड्रॉइड फोनात हा तुकडा एमपी३ स्वरूपात 'रिंगटोन्स' या फोल्डरमध्ये ठेवावा आणि संपर्क-यादीत त्या व्यक्तीच्या नावापुढे तोच निवडावा. आयफोनात ॲपलच्या 'गॅरेजबँड' या मोफत ॲपमधून तो रिंगटोन म्हणून पाठवता येतो. तेथे लांबी ३० सेकंदांच्या आत ठेवावी. मासिक वर्गणी भरून ऐकण्याच्या ॲपवरील गाणी मात्र कुलूपबंद असतात. ती अशी कापता येत नाहीत. घरच्या गाण्याला कुलूप नाही, आणि त्यासाठी कुणाची परवानगीही मागावी लागत नाही.

एक इशारा. आपले अत्यंत आवडते गाणे साहेबांच्या नावापुढे लावू नये. महिनाभरात ते गाणे रेडिओवर लागले तरी छातीत धस्स होऊ लागते! त्यांच्यासाठी फोनमधली तयार घंटाच बरी.

बऱ्याच घरांत जुन्या कॅसेटी अजून कपाटात पडून आहेत. एखादीत आईची ओवी असेल, एखादीत वडिलांची पेटी. फीत जुनी होते, चिकटते, तुटते. कॅसेट वाजवणारे यंत्र कुणाकडे चालू असेल तर या दिवाळीच्या सुट्टीत ती फोनवर उतरवून घ्यावी. पूर्ण गाणे जपून ठेवावे आणि त्यातली २४ सेकंदे भावंडांनी एकमेकांच्या नावापुढे लावावीत. मग भाऊबिजेला ताईचा फोन आला, की आधी आईचा आवाज येईल.