जमिनीचा दावा हरलो, आता अपिलात काय तपासतात?

आजचा एपिसोड ज्यांच्या घरात शेताचा किंवा घराचा दावा चालू आहे त्यांच्यासाठी. मी वकील नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. कायदा वाचून जे समजलं, ते सोपं करून सांगतोय.

समजा, शहादा तालुक्यात दोन भावांचं केळीचं शेत आहे. धाकटा म्हणतो, "वाटप झालंच नाही." थोरला म्हणतो, "तोंडी वाटप कधीच झालंय, तेव्हापासून वेगळं कसतोय." दावा आणि कैफियत दाखल झाली की न्यायाधीश 'मुद्दे' काढतात. म्हणजे ज्यावर दोघांचं पटत नाही ते प्रश्न. शेत वडिलोपार्जित आहे का? वाटप झालंय का? आणि ते कुणी सिद्ध करायचं? दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधला आदेश १४ यासाठीच आहे. पुढचे साक्षीपुरावे या मुद्द्यांभोवतीच फिरतात.

आता धाकटा हरला. निकाल कनिष्ठ स्तर न्यायाधीशांचा असेल, तर पहिलं अपील जिल्हा न्यायालयात, कलम ९६ खाली. इथे कायदा आणि पुरावा दोन्ही पुन्हा तपासता येतात. नुसतं "खालचा निकाल बरोबर आहे" म्हणून भागत नाही. ठरवायचे मुद्दे, निर्णय आणि कारणं लिहावी लागतात. सुप्रीम कोर्टानेही २००१ साली 'मधुकर विरुद्ध संग्राम' प्रकरणात हेच बजावलं.

पण महत्त्वाचा मुद्दा खाली काढलाच नसेल तर? आदेश ४१ मध्ये वाटा आहेत. पुरावा पुरेसा असेल तर अपील कोर्ट मुद्दा नव्याने ठरवून स्वतःच निकाल देतं. पुरावा नसेल तर मुद्दा काढून खालच्या कोर्टाकडे पाठवतं. तिथे पुरावा होतो आणि निष्कर्ष वर परत येतो. गरज पडली तर अख्खा दावाच फेरसुनावणीला जातो.

मात्र मुद्दा कागदावर नव्हता, एवढ्यावर निकाल फिरत नाही. वाद कशावर आहे हे दोघांना माहीत होतं आणि दोघांनी त्यावर पुरावा दिला, तर ती चूक धरत नाहीत. नवा कागदही सहज घेत नाहीत. आधी का दिला नाही, याचं पटणारं कारण लागतं.

हे सगळं आत्ताच का बघायचं? कारण नंतरचं दुसरं अपील औरंगाबाद खंडपीठात, कलम १०० खाली, आणि तिथे फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न लागतो. "साक्षीदार खोटं बोलला" हे तिथे सहसा चालत नाही. म्हणजे पुराव्यावर भांडायची खरी जागा पहिलं अपीलच.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळतात. आणि अपील केलं म्हणून निकालाची अंमलबजावणी थांबत नाही, स्थगितीचा वेगळा अर्ज करावा लागतो.

दावा अजून खालीच चालू असेल, तर वकील साहेबांना एकच विचारा: "साहेब, मुद्दे कोणते निघालेत?" एखादा सुटला असेल तर तो वाढवून घ्यायचा अर्ज निकालाआधी करता येतो. तेवढं विचाराच. भेटू पुढच्या भागात!