पोटातला चोरकप्पा

तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबरच असतो असे नाही, हे बँकेत उमेदवारीतच शिकवतात. जमेची आणि नावेची चूक सारखीच असली, तर ती दिसत नाही. छत्तीस वर्षांच्या नोकरीत हा धडा मी अनेकांना दिला. घरी मात्र विसरलो.

पत्नीच्या पोटात अधूनमधून कळ यायची, बहुधा जेवणानंतर. एखादी उलटी व्हायची आणि तासाभरात सारे शांत. एक्स-रे नॉर्मल, रक्त नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, पित्त आहे. मी म्हणालो, "तू फार मनाला लावून घेतेस."

एका श्रावणातल्या रात्री कळ थांबलीच नाही. पोट फुगले, हिरवट उलट्या सुरू झाल्या. रुग्णालयातल्या तरुण सर्जनबाईंनी लगेच सीटी स्कॅन करवला. पोटाच्या डाव्या बाजूला लहान आतड्याची वेटोळी जणू पिशवीत कोंबलेली दिसत होती. "अंतर्गत हर्निया," त्या म्हणाल्या.

हर्निया म्हणजे जांघेतला किंवा बेंबीजवळचा फुगवटा, एवढेच आपल्याला ठाऊक. हा बाहेरून दिसत नाही. गर्भात आतडी जागेवर बसताना मागच्या पडद्यात कधी एखादा चोरकप्पा राहून जातो. काहींना पूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतर फट राहते. आतडे तिथे शिरते, बाहेर येते. म्हणून कळही येते आणि जाते. पण एखाद्या वेळी ते अडकते, पिळले जाते, रक्तपुरवठा तुटतो. मग हाताशी काही तासच उरतात.

हजारो कर्जांवर सह्या केलेला माझा हात त्या संमतीपत्रावर थरथरला.

पुढचे बाईंनी नंतर सांगितले. सोडवलेले आतडे काळपट पडले होते. कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या कापडात ते गुंडाळून त्या थांबल्या. रंग परतला नसता, तर तेवढा भाग कापावा लागला असता. परतला. मग काठावरची मोठी शीर सांभाळत कप्प्याचे तोंड टाक्यांनी बंद केले.

वाचकहो, घरात कुणी वारंवार पोट धरून बसत असेल, तर जुन्या रिपोर्टांवर विसंबू नका. दुखत असतानाच डॉक्टरांकडे न्या. पूर्वीची शस्त्रक्रिया आठवणीने सांगा.

पाचव्या दिवशी तिला पेज भरवत होतो. "दुखत होतं, ते आता पटलं ना?" तिने विचारले.

मी नुसती मान हलवली.