विश्लेषण : ‘हायड्रोजन किट’ने मायलेज खरेच वाढते का? सेन्सरचे ‘सेटिंग’ कशासाठी?

पेट्रोल महागले की ‘पाण्यावर चालणारी गाडी’ पुन्हा चर्चेत येते. बॉनेटखाली पाण्याचा डबा बसवायचा, गाडीच्याच विजेने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करायचे आणि हा वायू इंजिनात सोडायचा, असे हे ‘एचएचओ किट’. मात्र, ‘सोबत सेन्सरचे सेटिंगही करावे लागेल,’ असे विक्रेते सांगतात. खरी मेख तिथेच आहे.

सेन्सर काय करतो?

१ किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण राखण्यासाठी एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सर धूर तपासतो. धुरात ऑक्सिजन जास्त असेल तर नेहमीच्या सेन्सरचे व्होल्टेज ०.१च्या आसपास घसरते. कमी असेल तर ०.९च्या जवळ चढते. त्यानुसार ‘ईसीयू’, म्हणजे इंजिनचा संगणक, पेट्रोल कमी-जास्त करतो.

‘सेटिंग’ म्हणजे काय?

किटमुळे धुरात ऑक्सिजन वाढतो, ईसीयूला पेट्रोल कमी पडल्यासारखे वाटते आणि तो ते वाढवतो, असा विक्रेत्यांचा दावा असतो. त्यावर उपाय म्हणून सेन्सरच्या वायरवर छोटे सर्किट जोडून व्होल्टेज वाढवून दाखवले जाते. ईसीयू फसतो आणि पेट्रोल कमी सोडतो.

हायड्रोजनचा वाटा किती?

ताशी ६० किमी वेगाने धावणारी, लिटरला १५ किमी देणारी गाडी तासाला ४ लिटर पेट्रोल जाळते. म्हणजे सुमारे ३५ किलोवॉट ऊर्जा. मिनिटाला १ लिटर वायू देणाऱ्या किटमधील हायड्रोजनची ऊर्जा जेमतेम ०.१२ किलोवॉट, अर्धा टक्काही नाही. तो तयार करायला त्याहून जास्त वीज लागते आणि ती अल्टरनेटर पेट्रोल जाळूनच देतो. म्हणजे मायलेजमध्ये फरक दिसलाच, तर तो प्रामुख्याने पेट्रोल कमी सोडल्याचा असतो.

धोका काय?

पेट्रोल प्रमाणापेक्षा कमी झाले की पिकअप पडतो, इंजिन झटके देते, नॉकिंग होऊ शकते. नॉकिंग सुरूच राहिले तर पिस्टन आणि व्हॉल्व्हला धोका असतो. धुरात ऑक्सिजन वाढला की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला नायट्रोजन ऑक्साइड नष्ट करता येत नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘बीएस-६’ गाड्यांत बिघाड ओळखणारी यंत्रणा असते. त्यामुळे ‘चेक इंजिन’चा दिवा लागू शकतो आणि वॉरंटीचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

खरेदीपूर्वी काय विचारावे?

सीएनजी किटला सरकारमान्य चाचणी संस्थेची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. या किटला अशी मंजुरी आहे का, ते विचारावे. दुसरा प्रश्न त्याहून सोपा : सेन्सरला हात न लावता मायलेज वाढवून दाखवाल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ग्राहक हायड्रोजनचे नव्हे, ईसीयूला फसवण्याचे पैसे मोजत असतो.