प्रतिपिंडे घडविणारी पेशी : स्वास्थ्यात आणि व्याधीत

लसीकरण सत्रात बालकास सुई टोचली जाते, कार्डावर तारखेची नोंद होते आणि माता घरी जाते. आरोग्यसेविकेचे काम तेथे संपते. शरीराचे काम मात्र तेथून सुरू होते. पुढील आठवड्या-दोन आठवड्यांत त्या बालकाच्या लसीका ग्रंथींमध्ये एका विशिष्ट जातीच्या पेशी तयार होऊ लागतात. त्यांना प्लाझ्मा पेशी म्हणतात. रोगजंतूंना अडविणारी प्रतिपिंडे घडवून ती रक्तात सोडणे हे या पेशींचे प्रमुख कार्य होय.

रक्तात असे काही संरक्षक द्रव्य असते, ही गोष्ट १८९० साली बर्लिन येथे एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिली. धनुर्वाताविरुद्ध प्रतिकारक्षम केलेल्या प्राण्याचा रक्तरस दुसऱ्या प्राण्यास टोचला असता तोही सुरक्षित राहतो, असे त्यांना आढळून आले. सर्पदंशावरील प्रतिविष आजही याच तत्त्वावर तयार केले जाते. घोड्यास विषाच्या अल्प मात्रा क्रमाक्रमाने टोचतात. त्याच्या प्लाझ्मा पेशींनी घडविलेली प्रतिपिंडे पुढे शेतात साप चावलेल्या माणसाचे प्राण वाचवितात. परंतु हे द्रव्य नेमकी कोणती पेशी तयार करते, याचा उलगडा होण्यास अर्ध्या शतकाहून अधिक काळ जावा लागला. १९४८ साली स्वीडनमधील आस्ट्रिड फाग्रेयस यांनी तो मान प्लाझ्मा पेशीस मिळवून दिला.

या पेशीचे सामर्थ्य विलक्षण आहे. एकच पेशी दर सेकंदाला प्रतिपिंडांचे हजारो रेणू बाहेर सोडते. हे तिला कसे साधते, हे समजण्यासाठी जनुकांच्या अभिव्यक्तीची कल्पना प्रथम स्पष्ट करून घेतली पाहिजे.

तालुक्याच्या अभिलेख कक्षात सर्व गावांची दप्तरे असतात. तथापि कोणत्याही एका दिवशी त्यांतील थोडीच उघडली जातात, आणि उघडलेल्या दप्तरातील मूळ कागद बाहेर न जाता त्याची नक्कल तेवढी दिली जाते. पेशीच्या केंद्रकाचे असेच आहे. यकृताची पेशी असो वा त्वचेची, प्रथिने घडविण्याची सूचना देणारी सुमारे २० हजार जनुके तिच्यात असतात. कोणत्या जनुकांच्या नकला निघतात आणि किती निघतात, यावर पेशीचे स्वरूप ठरते. या नकलांना आरएनए म्हणतात व त्यांच्याबरहुकूम प्रथिने तयार होतात. जनुक असणे ही एक गोष्ट आणि ते कामास लागणे ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीस अभिव्यक्ती असे नाव आहे.

प्लाझ्मा पेशीचा जन्म बी पेशी या श्वेत पेशीपासून होतो. मूळ कागद कापून त्याचे तुकडे जोडण्याची मुभा कोणत्याही कचेरीत नसते; बी पेशीत मात्र नेमके तेच घडते. प्रतिपिंडाच्या जनुकाचे निरनिराळे तुकडे प्रत्येक बी पेशीत वेगवेगळ्या रीतीने जोडले जातात, हे सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ साली सिद्ध केले व त्याबद्दल त्यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मर्यादित जनुकांतून असंख्य प्रकारची प्रतिपिंडे निर्माण होतात, ती या जोडकामामुळे.

आपल्या प्रतिपिंडाशी जुळणारा जंतू भेटला की बी पेशी विभागू लागते आणि तिच्या काही वंशजांत मोठा फेरबदल होतो. बी पेशीचे बी-पण टिकविणारे पॅक्स-५ हे जनुक मंदावते. १९९४ साली वर्णिलेले ब्लिम्प-१ आणि त्याच्या जोडीचे आयआरएफ-४ ही नियंत्रक प्रथिने पुढे येतात. विभागणीची जनुके बंद होतात. प्रतिपिंडाच्या जनुकाच्या नकला मात्र प्रचंड संख्येने निघू लागतात. त्या नकलांतही बदल होतो : पूर्वी प्रतिपिंडाला पेशीच्या आवरणात रोवून ठेवणारे शेपूट असे, ते आता गाळले जाते आणि प्रतिपिंड मुक्तपणे रक्तात जाते. एवढे प्रथिन घडवून, त्याची नीट घडी घालून बाहेर पाठवायचे, तर पेशीतील कारखाना विस्तारला पाहिजे. ते काम एक्सबीपी-१ हे प्रथिन करते. त्याच्यावाचून प्लाझ्मा पेशींचे कार्य नीट उभे राहत नाही, हे २००१ साली उंदरांवरील प्रयोगांतून दिसून आले.

अशा बहुसंख्य पेशी थोड्याच दिवसांत मरतात. काही मात्र अस्थिमज्जेत जाऊन वर्षानुवर्षे तग धरतात आणि जंतू पुन्हा येवो वा न येवो, प्रतिपिंडे सोडीत राहतात. लसीचा पुढील डोस अनेकदा याच कायम तुकडीत भर घालण्यासाठी असतो, ही गोष्ट दुसऱ्या डोसास टाळाटाळ करणाऱ्या पालकांस सांगण्याजोगी आहे.

ही व्यवस्था दोन्ही बाजूंनी बिघडू शकते. अमेरिकेतील डॉ. ऑग्डेन ब्रूटन यांनी १९५२ साली वारंवार गंभीर संसर्ग होणाऱ्या आठ वर्षांच्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. त्याच्या रक्तात प्रतिपिंडे जवळजवळ नव्हतीच. या व्याधीस कारणीभूत जनुक १९९३ साली सापडले. ते सदोष असल्यास बी पेशी परिपक्व होत नाहीत, अर्थात प्लाझ्मा पेशीही निर्माण होत नाहीत. अशा मुलांना इतरांच्या रक्तातील प्रतिपिंडे नियमितपणे द्यावी लागतात.

दुसऱ्या टोकाचा बिघाड म्हणजे मल्टिपल मायलोमा हा प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. प्रतिपिंडाच्या एका महत्त्वाच्या भागाचे जनुक १४ व्या गुणसूत्रावर असते आणि प्लाझ्मा पेशीत त्याचे नियंत्रण सदैव जोरात चालू असते. तुकडे जोडण्याच्या कामात चूक होऊन ११ व्या गुणसूत्रावरील पेशी-विभागणीचे एखादे जनुक त्याच्या शेजारी येऊन बसले, तर तेही तितक्याच जोराने कामास लागते. या रोगातील ही एकच नव्हे, पण नेहमी आढळणारी एक चूक आहे. स्थिरावलेली पेशी मग वाढू लागते व तिच्या एकाच छापाच्या वंशजांनी अस्थिमज्जा व्यापते. कोणत्या जनुकांची अभिव्यक्ती वाढली वा घटली, याची एकत्र पाहणी आता करता येते. २००७ साली अमेरिकन संशोधकांनी अशा ७० जनुकांवरून रोग किती उग्र आहे याचा अंदाज बांधता येतो, असे दाखविले.

उपचारही या पेशीच्या स्वभावावर बेतलेले आहेत. अहोरात्र प्रथिन घडविणाऱ्या पेशीत सदोष प्रथिनांचा कचराही मोठा असतो. त्याची विल्हेवाट रोखणारे बोर्टेझोमिब हे औषध २००३ साली अमेरिकेत मान्य झाले. गर्भातील बालकांना व्यंग आणल्यामुळे १९६१ साली मागे घेतलेले थॅलिडोमाइड १९९९ मध्ये या रोगावर उपयुक्त ठरले. त्याचाच सुधारित भाऊबंद लेनालिडोमाइड दोन नियंत्रक प्रथिने नष्ट करवितो आणि त्यामुळे वर उल्लेखिलेले आयआरएफ-४ घटते, हे २०१४ साली स्पष्ट झाले. ही औषधे आता भारतातही बनतात. रोग समूळ बरा होणे अद्याप दुर्मीळ असले तरी रुग्णांचे आयुष्य पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढले आहे.

मात्र त्यासाठी निदान वेळेवर व्हावे लागते, आणि खरी अडचण तेथेच आहे. सतत दुखणारी पाठ, पांडुरोग, अशक्तपणा, किरकोळ धक्क्याने मोडणारे हाड, वारंवार संसर्ग व मूत्रपिंडाची बिघडलेली क्रिया ही याची लक्षणे. साठी उलटलेल्या माणसात ती वयाच्या खात्यावर सहज टाकली जातात. लघवीत बुडवून रंग पाहण्याची दवाखान्यातील पट्टी मुख्यत्वे अल्ब्युमिन हे प्रथिन दाखविते. रोगट प्लाझ्मा पेशींनी सोडलेले प्रतिपिंडाचे तुकडे तिच्यावर सहसा उमटत नाहीत. हेन्री बेन्स जोन्स या लंडनच्या वैद्यांनी १८४० च्या दशकात याच तुकड्यांचे वर्णन लघवी तापवून केले होते. पट्टी कोरी आली तरी लक्षणे कायम असतील, तर रुग्णास जिल्हा रुग्णालयात अथवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवून रक्तरसातील प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी करून घेता येते.