पोर्तुगीजांपूर्वीच कल्याणात बिशप!

नवी मुंबई, (प्रतिनिधी) : कोकणात ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांबरोबर आला, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्यांच्या साडेनऊशे वर्षे आधीची एक नोंद उपलब्ध आहे. अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस याने इ. स. ५५० च्या सुमारास 'कल्लियाना' बंदरात इराणमधून नियुक्त होणारा बिशप असल्याचे लिहून ठेवले. हे बंदर म्हणजे कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. पृथ्वी सपाट आहे, असे ठासून सांगणाऱ्या या लेखकाची व्यापारविषयक माहिती मात्र मोलाची मानली जाते.

बिशप रोमऐवजी इराणहून का? एक कारण व्यापाराचे. पश्चिम किनाऱ्यावरील गलबतांचा इराणच्या आखाताशी नित्य संबंध होता. दुसरे कारण धर्ममताचे. ख्रिस्ताचे दैवी व मानवी स्वरूप परस्परांशी कसे जोडलेले आहे, या वादातून इफिससच्या धर्मपरिषदेने ४३१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा धर्मप्रमुख नेस्टोरियस याला पदच्युत केले. मरियमेला 'ईश्वराची माता' म्हणण्यास त्याचा आक्षेप होता. रोमन साम्राज्याबाहेरील इराणी चर्चने पुढे त्याच परंपरेतील शिकवण स्वीकारली. 'नेस्टोरियन' हे नाव त्यांना विरोधकांनी चिकटवले.

ही परंपरा या भागात दीर्घकाळ टिकली असावी. १३२१ मध्ये ठाण्यात मारले गेलेले चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक एका नेस्टोरियन कुटुंबाकडेच उतरले होते.

केरळमध्ये रुजलेली पूर्व सिरियाक उपासनापद्धती मल्याळी कुटुंबांबरोबर नवी मुंबईतही आली. त्यांच्यासाठी १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सिरो-मलबार धर्मप्रांताला नाव मिळाले, तेही कल्याणचेच.